न्यायाच्या पैशाचा कारभारी

एखादा सरकारी अंमलदार सेवानिवृत्त झाला म्हणजे गांवांत त्याचा सत्कार होतो. शाल व श्रीफळ देऊन झालें कीं कोणी तरी उठून म्हणतो, "साहेबांनीं तीस वर्षें नोकरी केली, पण परक्याच्या एका पैशालाहि हात लावला नाहीं." सभा टाळ्या वाजविते. आम्हीहि अशा सभांस बसलों आहों आणि आम्हींहि टाळ्या वाजविल्या आहेत. ही स्तुति खोटी नसते. कचेरीच्या पायरीवर गरिबाचा खिसा रिकामा होतांना ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस स्वच्छ हाताच्या माणसाची किंमत सांगावी लागत नाहीं. तथापि आज आम्हांस एक अवघड प्रश्न वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. ज्यानें पैशाला हात लावला नाहीं, तो तेवढ्यानेंच निर्दोष ठरतो काय? जो पैसा दुसऱ्यास पोंचविण्यासाठींच त्याच्या स्वाधीन केला होता, त्यालाहि त्यानें हात लावला नसेल, तर त्यास काय म्हणावें?

हा प्रश्न आम्ही पडेगांवाच्या निमित्तानें मांडतों. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, या शहराच्या पश्चिमेस दौलताबादच्या वाटेवर पडेगांव आहे. शहराच्या उत्तरेस हर्सूल येथें मध्यवर्ती कारागृह आहे. दोहोंमधील अंतर फार नाहीं. परंतु ज्या घरांतील कमावता मुलगा त्या भिंतीच्या आंत आहे, त्या घरास तें अंतर मोठें वाटतें. कारण भेटीस जावें तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि न जावें तर मुलाच्या मनांत येतें कीं आपलीं माणसें आपणांस विसरलीं.

समजा, पडेगांवांतील दोन तरुण एकाच भांडणांत धरले गेले. दोघांवर कलम एकच, आणि दोघांस एकाच दिवशीं न्यायाधीशांनीं जामीन मंजूर केला. एकाच्या बापाच्या नांवें सातबाराचा उतारा आहे. त्यास हमीदार मिळतो व तो त्या रात्रीं आपल्या घरीं जेवतो. दुसऱ्याच्या बापाच्या नांवें जमीन नाहीं, बँकेंत ठेव नाहीं, ऐपतीचा दाखला आणून हमी राहील असा सोयराहि नाहीं. त्याचाहि जामीन मंजूर झालेलाच आहे, पण तो महिनोन्‌महिने आंतच राहतो. न्यायाधीशांनीं तर दोघांस सारखेंच मापलें. मग एकास दार उघडलें व दुसऱ्यास उघडलें नाहीं, हा भेद कोणीं केला? अपराधानें केला नाहीं, पुराव्यानें केला नाहीं. केवळ दारिद्र्यानें केला.

ही नुसती कल्पना नव्हे. मध्यप्रदेशांतील मोतीराम नांवाच्या एका गरीब गवंड्याचें प्रकरण १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. त्यास जामिनावर सोडण्याचा हुकूम त्याच न्यायालयानें आधीं दिलेला होता. परंतु खालच्या मॅजिस्ट्रेटनें दहा हजार रुपयांचा हमीदार मागितला, आणि भाऊ हमी राहण्यास तयार झाला तेव्हां त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून ती हमी नाकारली. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्या गवंड्यास एक हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्यास सांगितलें. एका मोतीरामाचें काम झालें. पण असे मोतीराम किती? सरकारी आंकड्यांप्रमाणें २०२२ च्या डिसेंबर अखेर भारतांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं, व त्यांपैकीं ४,३४,३०२ जणांच्या खटल्यांचा निकालच लागलेला नव्हता. म्हणजे तुरुंगांतील दर चार माणसांपैकीं सुमारें तीन माणसें अद्यापि दोषी ठरलेलीं नव्हतीं.

या माणसांकडे राज्यकर्त्यांचें लक्ष कसें गेलें, ही हकीकत आमच्या वाचकांनीं अवश्य जाणावी; कारण ती आपल्याच प्रांतांत जन्मलेल्या एका सरकारी अंमलदाराची आहे. खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी यांचा जन्म १९१६ सालीं नागपूरजवळील कामठी येथें झाला. १९३८ सालीं ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या पोलीस खात्यांत शिरले. पुढें १९५२ पासून सहा वर्षें पंडित नेहरूंच्या रक्षणाचें काम त्यांच्याकडे होतें. नंतर ते मध्यप्रदेशच्या पोलिसांचे मुख्य झाले, आणि १९६५ सालीं सीमा सुरक्षा दल उभारण्यांत आलें तेव्हां त्या दलाचे पहिले प्रमुख तेच. मान, हुद्दा, कीर्ति, सर्व कांहीं त्यांस मिळालें होतें. अशा पुरुषानें उतारवयांत बागेंत खुर्ची टाकून बसावें, तर त्यास कोणींहि नांव ठेविलें नसतें.

१९७७ सालीं सरकारनें राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला व रुस्तमजी त्याचे सभासद झाले. त्या कामासाठीं फिरत असतां त्यांनीं बिहारचे तुरुंग पाहिले. पोलिसांच्या सुधारणेची चौकशी करणाऱ्यानें तुरुंगाचा हिशेब तपासून पुढें जावें, एवढें पुरेसें होतें. परंतु ते आंत गेले, माणसांजवळ उभे राहिले, आणि कोण कधींपासून येथें आहे हें त्यांनीं पाहिलें. कित्येकांचा खटला वर्षानुवर्षें सुरूच झालेला नव्हता. कांहीं जण तर अशा अपराधाच्या आरोपावरून बसले होते कीं, तो अपराध सिद्ध झाला असतां जेवढी जास्तींत जास्त शिक्षा मिळती, तिच्याहून अधिक काळ त्यांनीं तुरुंगांत काढला होता. रुस्तमजींनीं हें सर्व १९७९ च्या जानेवारींत इंडियन एक्सप्रेस पत्रांत दोन लेखांत लिहिलें. ते लेख वकील कपिला हिंगोरानी यांच्या वाचनांत आले व त्यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. तुरुंगांतील एका बाईच्या नांवावरून तें प्रकरण हुसेनआरा खातून या नांवानें प्रसिद्ध झालें. न्यायमूर्ति पी. एन. भगवती यांच्या न्यायासनानें ठरविलें कीं, खटला लवकर चालणें हा घटनेनें दिलेल्या जीवित व स्वातंत्र्य यांच्या हक्काचाच भाग आहे, आणि ज्यास वकील ठेवण्याची ऐपत नाहीं त्यास सरकारनें वकील दिला पाहिजे. त्या निकालांच्या योगें बिहारांत व देशांत हजारों माणसें सुटलीं.

येथें एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. रुस्तमजींचे हात आधींपासूनच स्वच्छ होते. तेवढेंच पुरेसें मानून ते थांबले असते, तर त्यांच्या सत्काराच्या सभेंत एक शब्दहि कमी पडला नसता; मात्र बिहारांतील तीं माणसें आंतच राहिलीं असतीं.

त्यानंतर हळूहळू कायदे झाले, आणि कायद्यांमागून पैसाहि आला. गरिबांस फुकट वकील देण्याचा कायदा १९८७ सालीं झाला व १९९५ च्या नोव्हेंबरांत अंमलांत आला. ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांचा विचारहि सुटला नाहीं. त्यांस भरपाई देण्याची तरतूद २००९ सालीं फौजदारी कायद्यांत लागू झाली, आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रिया व बालकें यांस साह्य देण्यासाठीं महाराष्ट्र सरकारनें २ ऑक्टोबर २०१३ रोजीं मनोधैर्य नांवाची योजना सुरू केली. अखेर २०२३ सालीं केंद्र सरकारनें गरीब कैद्यांच्या साह्याची योजना काढून तिच्याकरितां दरसाल वीस कोटी रुपयांची तरतूद ठेविली. त्या वर्षीं ठरलेल्या नियमांप्रमाणें, जामीन मंजूर होऊन सात दिवसांत जो पैशाअभावीं सुटत नाहीं, त्याचें नांव तुरुंगाच्या अधिकाऱ्यानें जिल्हा विधि सेवा प्राधिकरणास कळवावयाचें. प्राधिकरणानें त्याच्या ऐपतीची चौकशी करून तें प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढें मांडावयाचें. त्या समितींत जिल्हाधिकारी, प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृहाचे अधीक्षक व एक न्यायाधीश असतात. त्यांस पटलें तर चाळीस हजार रुपयांपर्यंतची रक्कम न्यायालयांत भरतां येईल, असें २०२३ च्या त्या नियमांत होतें. आणि शिक्षा भोगून झाली पण दंड भरतां येत नाहीं म्हणून जो अडकला आहे, त्याच्यासाठीं पंचवीस हजारांपर्यंत. दहशतवाद, अमली पदार्थ, लांचलुचपत अशा कांहीं अपराधांचे आरोपी यांतून वगळले आहेत.

कोणी म्हणेल, "आम्ही घाम गाळून कर भरावा आणि तो आरोपीस द्यावा, हा कोणता न्याय?" प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर दिलेंच पाहिजे. पहिली गोष्ट ही कीं, आरोपी म्हणजे अपराधी नव्हे. दुसरी अशी कीं, या माणसास सोडावें कीं न सोडावें हें सरकारी तिजोरी ठरवीत नाहीं. तें न्यायाधीशांनीं सर्व बाजू पाहून आधींच ठरविलें आहे. पैसा फक्त तो हुकूम खरा करतो. आणि तिसरी गोष्ट अशी कीं, माणूस तुरुंगांत ठेवण्यासहि पैसा लागतो. त्याचें अन्न, पहारा, औषध, कोर्टांत नेण्याआणण्याची गाडी, हा सर्व खर्च करदात्याच्याच माथीं पडतो. बाहेर त्याची मजुरी बुडते, मुलाची शाळा सुटते, बायको सावकाराच्या दारीं जाते. तेव्हां त्यास आंत ठेवणें हेंच स्वस्त, असें कोणीं समजूं नये.

येणेंप्रमाणें कायदा आहे, पैसा आहे, समितिहि आहे. तरी पैसा पोंचतो काय? खेदानें सांगावें लागतें कीं, पुष्कळदां तो पोंचत नाहीं. तेराव्या वित्त आयोगानें २०१० ते २०१५ या पांच वर्षांसाठीं न्यायदान सुधारण्याकरितां राज्यांस पांच हजार कोटी रुपये ठरवून दिले. त्यांचा मोठा भाग वापरल्याविनाच राहिला. दिल्लींतील भयंकर अत्याचारानंतर २०१३ सालीं एक हजार कोटींचा निर्भया निधि स्थापन झाला. आरंभींच्या वर्षांत त्यांतलाहि थोडाच भाग खर्च झाला. गरीब कैद्यांच्या योजनेचीहि तीच गत झाली, आणि हा निधि वापरा म्हणून गृहमंत्रालयास राज्यांकडे पत्रें पाठवावीं लागलीं. हा पैसा कोणीं खाल्ला होता काय? नाहीं. हिशेब तपासनिसानें पाहिलें तर एक पैहि कमी भरली नसती. तो जसाच्या तसा पडून होता.

असें कां होतें? आमच्या मतें याचें कारण बहुधा दुष्टपणा नसून भय आहे. अनुदानाचा कारभार पाहणाऱ्या अंमलदाराची नोकरी कशी जाते तें पाहा. तरुणपणीं तो कचेरींत येतो तेव्हां वरिष्ठ त्यास पहिली शिकवण देतात ती ही, कीं सही करण्यापूर्वीं दहा वेळां विचार कर. पुढें बदल्या होत जातात, हुद्दा वाढतो, आणि प्रत्येक सहीच्या मागें लेखापरीक्षण उभें राहतें. समजा, त्यानें एका कैद्यासाठीं चाळीस हजार मंजूर केले आणि तो कैदी तारखेस हजर झाला नाहीं. मग खुलासा मागविला जाईल, कागद वर जाईल, बढती अडेल. उलट, त्यानें तें प्रकरण आणखी एका दाखल्यासाठीं परत पाठविलें, मग दुसऱ्या दाखल्यासाठीं परत पाठविलें, आणि मार्च अखेर निधि परत गेला, तर त्यास कोण विचारणार? तुरुंगांतला माणूस विचारीत नाहीं. असा निधि होता हेंच त्यास ठाऊक नसतें. दिल्याची जाब देणें भाग पडतें, न दिल्याची जाब मागणारा कोणी नाहीं. अशा तराजूंत रोज तोलला जाणारा चांगला माणूसहि हळूहळू हात आंखडतो, आणि त्या आंखडण्यालाच प्रामाणिकपणा समजूं लागतो.

हें भय आम्ही अगदींच तुच्छ मानीत नाहीं. हिशेबाचे कडक नियम उगाच झालेले नाहींत. पूर्वीं ज्यांनीं गरिबांच्या नांवें पैसा उचलून खाल्ला, त्यांच्या पापामुळें ते झाले. नियम काढून टाका म्हणजे न्याय धांवत येईल, असें म्हणणें भोळेपणाचें होईल.

केवळ खर्च करणें हाहि कांहीं सद्गुण नव्हे. अमेरिकेंत १९६८ सालीं कायदा करून गुन्ह्यांच्या बंदोबस्तासाठीं व न्यायदानासाठीं राज्यांस अनुदान देणारें एक मोठें खातें उघडण्यांत आलें. तेथें पैसा वाहूं लागला. पण पोलिसांचीं यंत्रें, वाहनें, हेलिकॉप्टरें अशा डोळ्यांत भरणाऱ्या वस्तूंवरच तो फार गेला, अशी टीका झाली, आणि १९८२ सालीं तें खातें बंद पडलें. वस्तु विकत घेणें सोपें असतें. पावती मिळते, फोटो निघतो, उद्घाटन होतें. कोठडींतून घरीं गेलेल्या मजुराचें उद्घाटन कोणी करीत नाहीं.

तर मग न्यायाच्या पैशाच्या कारभाऱ्यानें वागावें कसें? आम्हांस असें वाटतें कीं, त्यानें आपल्या हिशेबाच्या वहींत दोन पानें ठेवावीं. एका पानावर पैसा लिहावा: किती आला, किती गेला, कोणाच्या सहीनें गेला. दुसऱ्या पानावर माणसें लिहावीं: आज या जिल्ह्याच्या तुरुंगांत जामीन मंजूर होऊनहि पैशाअभावीं किती जण बसले आहेत, त्यांचीं नांवें काय, कोणत्या तारखेपासून, आणि कोणत्या कागदासाठीं. पहिलें पान तपासण्यास सरकारनें माणसें नेमलीं आहेत. दुसरें पान बहुधा कोणी तपासीत नाहीं, म्हणूनच तें त्यानें स्वतः तपासावें. ज्या दिवशीं पहिलें पान बिनचूक आहे आणि दुसऱ्या पानावर टाळतां येण्याजोगें एकहि नांव उरलें आहे, त्या दिवशीं त्याचे हात स्वच्छ असतील, पण त्याचें काम झालेलें नाहीं. नियम मोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. नियमांत राहून जेवढें देतां येतें तेवढें वेळेवर देणें, आणि नियमच आड येत असेल तर तसें वर निर्भयपणें लिहून कळविणें, हेंच त्याचें कर्तव्य आहे. रुस्तमजींनीं कोणताहि नियम मोडला नव्हता. जें डोळ्यांनीं पाहिलें तें त्यांनीं लिहिलें.

आतां थोडें आपणांविषयींहि. अंमलदारास दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण गांवोगांवीं आपणहि लहानसे कारभारी आहोंच. कोणाकडे बचतगटाची पेटी आहे, कोणाकडे शाळेच्या समितीचा निधि, कोणाकडे मयताच्या खर्चासाठीं जमविलेली वर्गणी. "आमची शिल्लक पाहा, किती वाढली!" असें आपण अभिमानानें सांगतों. त्याच गल्लींत एखादी विधवा त्या पैशाची वाट पाहून सावकाराकडे गेली असेल, तर ती शिल्लक मिरविण्याजोगी आहे काय?

आणखी एक दोष आपला आहे. मुलगा तुरुंगांत गेला म्हणजे घर लाजेनें दार लावून घेतें, शेजारी तोंड फिरवितात, आणि मग जो पैसा मागितला असतां मिळाला असता तो कोणी मागतच नाहीं. गांवांतील शिक्षक, उपदेशक व लिहितांवाचतां येणारा प्रत्येक माणूस येथें उपयोगी पडूं शकतो. अशा घरीं जावें. जामिनाचा हुकूम झाला आहे काय, कोणत्या तारखेस, किती रकमेचा, हें विचारून कागदावर उतरून घ्यावें. मग जिल्हा न्यायालयांतील विधि सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयांत तो कागद घेऊन त्या घरच्या माणसाबरोबर जावें. नियमांत व रकमांत वेळोवेळीं फरक होतात, म्हणून तेथेंच नीट विचारून घ्यावें. कायद्याच्या साह्यासाठीं १५१०० हा दूरध्वनि क्रमांकहि आहे. स्त्रिया, बालकें, अनुसूचित जातिजमातींचे लोक व कोठडींत असलेला कोणीहि माणूस यांस फुकट वकील मागण्याचा हक्क कायद्यानेंच दिला आहे; ती भीक नव्हे. असे दोनचार कागद दर महिन्यास त्या टेबलावर येऊं लागले, म्हणजे दुसरें पान आपोआप उघडेल, आणि भिणाऱ्या अंमलदारासहि सही करण्यास आधार मिळेल.

पुढच्या वेळीं गांवांत सत्काराची सभा भरेल, तेव्हां शाल व श्रीफळ आपण अवश्य द्यावें. "साहेबांनीं पैशाला हात लावला नाहीं," हें ऐकून टाळ्याहि वाजवाव्या. पण मग शांतपणें, आदरानें, एक गोष्ट आणखी विचारावी: "साहेब, जो पैसा आमच्यासाठीं आपल्या हातांत दिला होता, तो कोणाकोणाच्या घरीं पोंचला?" ज्या अंमलदारास चार घरांचीं नांवें सांगतां येतील, त्याच्या गळ्यांत दुसरा हार घालावा. आणि ज्यास एकहि सांगतां येणार नाहीं, त्याचा उपमर्द करूं नये. मात्र त्याच्या जागीं येणाऱ्या तरुण अंमलदाराच्या कानांवर तो प्रश्न जाईल, एवढें अवश्य पाहावें.